माझंच मन भटकतं, मी इतरांचं ध्यान कसं घेऊ?

पत्राचा सारांश

एक वाचक भगिनी गेली सहा वर्षं रोज सकाळी श्वासावरचं ध्यान करतात. दर रविवारी १४-१५ जणांच्या गटातही बसतात. गटाचं सत्र घेणारे काका दोन महिन्यांनी दुसऱ्या गावी कायमचे राहायला जाणार आहेत. ‘आता हिनेच घ्यावं’ असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मागे एकदा काका नसताना या बाईंनी सत्र घेतलं होतं. इंटरनेटवर मिळालेली २० मिनिटांची संहिता पाठ केली होती, ती १३ मिनिटांत संपली. पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून तीच परत पहिल्यापासून सुरू केली. एक गृहस्थ घोरायला लागले, दोघं फिसकन हसले. शेवटी एक ताई रडत उठून बाहेर गेल्या. त्यांच्यामागे जावं की बसून राहावं हे न कळल्याने बाई डोळे मिटून बोलतच राहिल्या. त्या लिहितात: ‘माझा आवाज जाड आहे. माझं स्वतःचं मन दहा मिनिटं एका जागी राहत नाही. ज्याचं मन स्थिर नाही त्याने दुसऱ्यांना ध्यान कसं करवायचं? सरळ नाही म्हणू, की आधी एखादा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करू?’

उत्तर

त्या रविवारी काय काय बिघडलं हे तुम्ही नीट लिहिलंय, आणि का बिघडलं याची तुमची कारणंही दिली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. संहिता लवकर संपली, तो वेळेचा हिशेब चुकला. गृहस्थ घोरले, ती बैठकीची आणि खोलीची बाब. ताई उठल्यावर काय करायचं ते कळलं नाही, कारण ते आधी कुणी ठरवलेलंच नव्हतं. यातलं काहीही तुमच्या जाड आवाजामुळे झालेलं नाही आणि भटकणाऱ्या मनामुळे तर नाहीच. त्या दिवशी तुमचं मन अगदी निश्चल असतं तरी संहिता १३ मिनिटांतच संपली असती.

तुमच्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे: सत्र घेणाऱ्याने आधी स्वतः शांत व्हायचं आणि मग ती शांती बाकीच्यांकडे पोचवायची. प्रत्यक्षात सत्र घेणारा माणूस त्या वेळी फारसं ध्यान करतच नाही. त्याचे डोळे अर्धे उघडे असतात. एक नजर घड्याळावर, एक समोरच्यांवर, आणि डोक्यात पुढचं वाक्य. तो स्वतः खोल गेला तर दोन मिनिटांची शांतता सहा मिनिटांची होते आणि कुणाचा चेहरा पांढरा पडलाय हे कुणीच पाहत नाही. त्याच्याकडे तीनच कामं असतात: सूचना स्पष्ट देणं, वेळ सांभाळणं, आणि ज्याला नको वाटेल त्याला बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणं. शांत व्हायचं की नाही ते ज्याचं त्याचं.

मग सहा वर्षांच्या सरावाचा उपयोग काय? सातव्या मिनिटाला काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. गुडघा ठणकायला लागतो, कालचं भांडण आठवतं, ‘किती वेळ झाला असेल’ असं वाटू लागतं. ‘मन कुठे गेलं असेल तर परत या’ हे कधी म्हणायचं, ते मन भटकणाऱ्यालाच कळतं. फक्त एक पथ्य पाळा: जे स्वतः रोज करता तेच घ्या. तुमचा सराव श्वासाचा आहे, तर श्वासाचंच सत्र घ्या. चक्रं, प्रकाशाचा झोत, अंतर्मनातला बालक असलं काही ऐकायला छान वाटतं म्हणून उचलू नका. कुणी मध्येच अडकलं तर त्याला बाहेर कसं आणायचं हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आता हिशेब. साध्या बोलण्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द सहज जातात. सत्रात बोलताना ते ७०-८० वर यायला हवेत. २० मिनिटांच्या सत्रात बोलणं आठ-नऊ मिनिटांहून जास्त नको, म्हणजे एकूण शब्द ६०० ते ७०० पुरतात. बाकी सगळा वेळ तुम्ही गप्प. तुमची संहिता कागदावर मोजून पाहा. १,३०० च्या घरात शब्द भरले तर १३ मिनिटांचं कोडं तिथेच सुटलं: तुम्ही मिनिटाला शंभरच्या वेगाने न थांबता वाचून काढलंत. लिहिणाऱ्याने मधे थांबे गृहीत धरले असतील, पण घाबरलेल्या माणसाला थांबा सोसवत नाही. पंधरा सेकंद गप्प बसलं तरी दोन मिनिटं झाल्यासारखी वाटतात.

म्हणून थांबे कागदावर लिहूनच ठेवा, आणि तेही श्वासांत मोजून. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. एखाद्या निवांत दिवशी स्वतःचे मोजा. समजा १५ भरले, तर तीन श्वास म्हणजे १२ सेकंद आणि पंधरा श्वास म्हणजे एक मिनिट. एक अडचण आहे: सत्राच्या दिवशी धाकधुकीने श्वास वाढतात आणि मोजणीही आखडते. त्यामुळे लहान थांबे श्वासावर आणि एका मिनिटापुढचे सगळे घड्याळावर. घड्याळ मांडीजवळ, मान न वळवता दिसेल असं ठेवा.

थांबे हळूहळू वाढवत न्यायचे. सुरुवातीला वाक्यामागे दोन-तीन श्वास. पाचव्या-सहाव्या मिनिटापासून अर्धा मिनिट. सर्वांत मोठी शांतता सत्राच्या दुसऱ्या अर्धात, तेराव्या-चौदाव्या मिनिटाच्या आसपास, आणि मग पुन्हा लहान. नवखा गट असेल तर मोठी शांतता एका मिनिटाची पुरे. तुमच्या मुरलेल्या गटाला तीन मिनिटं सहज चालतील. मोठ्या शांततेआधी ती जाहीर करायलाच हवी: ‘आता तीन मिनिटं मी काही बोलणार नाही.’ नाहीतर मिनिटभराने निम्मे लोक ‘ही विसरली की काय’ म्हणून एक डोळा उघडून बघतात. आणि बोलणं ठरल्याआधी संपलंच तर ‘उरलेला वेळ असेच बसूया’ एवढं म्हणा आणि वेळ झाली की घंटा वाजवा. तुमच्या कागदावर काय लिहिलं होतं हे कुणाला माहीत नसतं.

२० मिनिटांची साधी वाटणी अशी: बैठक आणि सुरुवातीची सूचना तीन मिनिटं, शरीराचा स्पर्श आणि भार चार मिनिटं, श्वास नऊ मिनिटं, आजूबाजूचे आवाज दोन मिनिटं, परत येणं दोन मिनिटं. संहिता शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेलं एका जागी अडलं की पुढचं सगळंच जातं. एका कार्डावर सात-आठ शब्द आणि त्यांच्यासमोर थांबे लिहा. वाक्यं त्या वेळी तोंडात येतील तशी येऊ द्या. सुरुवात मात्र जवळजवळ ठरलेली असावी, कारण तेव्हाच सगळ्यात जास्त घशाला कोरड पडते. उदाहरणार्थ:

‘डोळे मिटायचे असतील तर मिटा. नको वाटत असेल तर समोर जमिनीवर नजर टेकवा. (३ श्वास) शरीराचा भार कुठे कुठे पडलाय, तेवढं बघा. (४ श्वास) पावलं जमिनीला टेकलीत, तिथे. (४ श्वास) मांड्या आणि बैठक. (४ श्वास) हात कशावर ठेवलेत, तिथला स्पर्श. (५ श्वास) आता श्वास. तो बदलायचा नाही. आत येतोय, बाहेर जातोय, एवढं कळू दे. (५ श्वास) नाकपुड्यांपाशी, छातीत, पोटात, कुठे सर्वांत स्पष्ट कळतोय ते एकदा शोधा. (६ श्वास) तिथेच राहूया. (१० श्वास)’

आणि पुढे कुठेतरी: ‘मन आता दुसरीकडे गेलं असेल. गेलं होतं हे कळलं, की परत श्वासापाशी यायचं. कितीही वेळा.’ एका सत्रात हे तीनदा म्हटलं तरी चालतं. लोकांना ते दर वेळी नवं वाटतं, कारण दर वेळी ते खरोखरच कुठेतरी गेलेले असतात.

वरच्या वाक्यांत एकही ‘प्रसन्न’, ‘दिव्य’, ‘अथांग’ नाही हे तुमच्या ध्यानात आलं असेल. ‘तुम्हाला आता खूप हलकं वाटतंय’ असं सांगितलं की ज्याला तसं वाटत नाही त्याच्यापुढे दोन कटकटी उभ्या राहतात: आधीची बेचैनी आणि ‘मलाच जमत नाही’ ही नवी. काय करायचं ते सांगा, काय वाटायला हवं ते सांगू नका. ‘मनातले सगळे विचार काढून टाका’ हेही टाळा. ते सांगणाऱ्यालाही जमत नाही. ‘समुद्रकिनाऱ्यावर चालताय अशी कल्पना करा’ यात वेगळी जोखीम आहे. काही लोकांना मिटल्या डोळ्यांपुढे चित्र उभंच राहत नाही, आणि एखाद्याचं माणूस पाण्यात गेलेलं असू शकतं. स्पर्श, आवाज आणि श्वास यांवर राहिलात तर असे धोके कमी होतात.

कमी होतात म्हणजे संपत नाहीत. ‘दीर्घ श्वास घ्या’ हे सत्राच्या सुरुवातीला दोन-तीनदा ठीक. तेच लागोपाठ म्हणत राहिलात तर उत्साही मंडळी जोरजोरात श्वास ओढू लागतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. अनुभवी नसलेला माणूस त्यालाच काहीतरी मोठा अनुभव समजतो किंवा भलताच घाबरतो. श्वास रोखायला तर सांगूच नका. गटात रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असणारं किंवा गरोदर असणारं कोण आहे, सगळं तुम्हाला माहीत नसतं.

जाड आवाजाची चिंता सोडा. खालच्या पट्टीतला आवाज या कामाला चांगलाच. वाईट असतो तो खास ध्यानासाठी काढलेला आवाज: लांबवलेला, हेलकावे देणारा, अर्धा हवेतच विरणारा. त्यात वाक्याचा शेवट गिळला जातो, आणि मराठीत क्रियापद शेवटी असतं. म्हणजे ‘खांदे हळूच’ एवढं मागच्या रांगेत पोचतं आणि ते उचलायचे, सोडायचे की फिरवायचे ते पोचत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी समजावून सांगताना जसं बोलता तसं बोला, फक्त सावकाश. सुरू करण्याआधी सर्वांत मागच्याला विचारा, ‘ऐकू येतंय ना?’ घरी एकदा पाच मिनिटांचं सत्र फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून त्याच्या बरोबरीने ध्यानाला बसा. आवाज कसा लागलाय ते ऐकत बसू नका. सूचना पाळायला वेळ मिळतोय का, एवढंच पाहा. ‘अगं थांब जरा’ असं जिथे जिथे मनात आलं, तिथे कार्डावर दोन श्वास वाढवा. या एका सरावाने जितकं सुधारतं तितकं दहा पुस्तकं वाचून सुधारत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात. मिट्ट काळोख नको. खुर्च्या आधीच मांडून ठेवा, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांना मागाव्या लागत नाहीत. जमिनीवर बसणाऱ्यांची बैठक गुडघ्यांपेक्षा किंचित उंच असावी, त्यासाठी चार बोटं जाडीची उशी किंवा घडी घातलेली चादर पुरते. नाहीतर पाठ गोल होते आणि दहाव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते. स्थिर बसल्यावर अंग गार पडतं, तेव्हा अंगावर घ्यायला काहीतरी जवळ असू द्या. फोन एअरप्लेन मोडवर, तुमचाही. संगीत लावू नका. त्याचा मूड गटावर लादला जातो, कमी ऐकू येणाऱ्यांना तुमचे शब्द कळत नाहीत, आणि तीन मिनिटांची शांतता मुळात शांतताच राहत नाही. उशिरा येणाऱ्यांनी दाराजवळच्या जागी बसायचं, हे एकदा सांगून ठेवा.

घोरणाऱ्या गृहस्थांचं फार मनाला लावून घेऊ नका. बहुतेक वेळा रात्रीची झोप अपुरी असते, किंवा भरल्या पोटी टेकून बसणं झालेलं असतं. नाव न घेता, आवाज किंचित चढवून सगळ्यांनाच सांगा: ‘एकदा पाठ सरळ करूया. झोप येत असेल तर डोळे उघडे ठेवा.’ दहातल्या आठ वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं, तर हात लावून उठवू नका. गाढ झोपेतून दचकून उठलेला माणूस ओरडतोही. घोरणं सुरूच राहिलं आणि कुणी हसलं, तर तोच आवाज कामाला लावा: ‘आवाज येतोय. आला, ऐकला, परत श्वासाकडे.’ तुम्हालाही हसू आलं तर येऊ द्या.

आता त्या ताई. याच्यावर जास्त बोलायला हवं.

ध्यानात रडू येणं हे तुमचं अपयश नाही आणि सिद्धीही नाही. ‘साधना लागली हो त्यांना’ असं कुणी कौतुकाने म्हणालं तर तेही तिथेच थांबवा. दिवसभर कामाच्या गडबडीत दाबून ठेवलेलं दुःख हातातलं काम सुटलं की वर येतं. शिवाय काही लोकांना शरीर सैल पडायला लागलं की उलट धास्तीच वाटू लागते. मानसशास्त्रात याची नोंद १९८०च्या दशकापासून आहे. म्हणून बाहेर पडायची वाट सत्र सुरू होण्याआधी दाखवायची असते, तेही दर रविवारी, जुने लोक कंटाळले तरी. पाऊण मिनिटाचं काम आहे: ‘मध्येच डोळे उघडावेसे वाटले, हलावंसं वाटलं तर हला. बाहेर जावंसं वाटलं तर परवानगी मागायची नाही. बाहेर गेलेल्यांजवळ अमुक जण येऊन बसतील, कारण विचारणार नाहीत.’

हे ‘अमुक जण’ म्हणजे दाराजवळ बसणारा ठरलेला सोबती. तो असला की तुम्हाला जागा सोडावी लागत नाही. चौदा जणांचे डोळे मिटलेले असताना बोलणारा आवाज एकाएकी नाहीसा होणं बरं नाही. सोबती नसेल आणि कुणी रडत बाहेर गेलं, तर ‘दोन मिनिटं शांत बसूया’ म्हणून दारापर्यंत जा. एका नजरेत कळतं. माणूस नुसता रडतोय, सावरतोय, तर ‘मी आत आहे, संपल्यावर येते’ म्हणून परत या. थरथरतोय, श्वास लागलाय, बोलता येत नाहीये असं असेल तर आत येऊन सत्र तीन वाक्यांत आटपा: ‘आज इथेच थांबतोय. हाताची बोटं हलवा. डोळे उघडा.’ आणि जा. सत्र मध्येच संपवलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

सोबत्याला एवढं सांगून ठेवा. ‘काय झालं?’ हा प्रश्न सुरुवातीला नको, त्याने माणूस परत त्याच आठवणीत जातो. बसायचंय की चालायचंय ते विचारायचं. डोळे उघडे, पावलं जमिनीवर घट्ट. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगायची. पाणी द्यायचं. ‘श्वासाकडे लक्ष द्या’ असं चुकूनही म्हणायचं नाही, कारण बहुधा श्वासाकडे लक्ष देतानाच हे सुरू झालेलं असतं. पाठीवर हात ठेवायचा तर आधी विचारून.

आणि तुम्ही त्या ताईंना नंतर फोन केलात का? पत्रात तसं काही नाही. केला नसेल तर आज करा. ‘त्या दिवशी तुम्ही बाहेर गेलात आणि मी आले नाही. आता कशा आहात?’ एवढंच पुरे. सल्ला नको, ध्यानाचा अर्थ लावून सांगणं नको. त्यांना परत यायचं असेल तर दाराजवळची जागा द्या, डोळे उघडे ठेवून निम्माच वेळ बसायला सुचवा. झोप उडाली असेल, एखादा जुना प्रसंग डोळ्यांपुढून हटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं. ते तसंच स्पष्ट सांगून त्यांच्यापर्यंत पोचायला मदत करा. नव्याने येणाऱ्यांनाही एकट्यात विचारत जा: फिट्स येतात का, मनाच्या आजाराचं औषध चालू आहे का, नुकताच मोठा धक्का बसलाय का. उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरांशी बोलू द्या. ध्यानाने औषधं सुटतील असं आश्वासन तुम्ही देऊ नका, गटातल्या कुणाला देऊही देऊ नका.

परत आणण्यात बहुतेक जण घाई करतात. घंटा एकदाच, हलकी, आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत थांबा. मग बोटं, पावलं, खांदे, खोलीतले आवाज, आणि शेवटी डोळे. लगेच उभं राहू नका असं सांगा. पाय बधिर झालेले असतात आणि एकदम उठल्यावर काहींना चक्कर येते. नंतर दहा मिनिटं बोलणं ठेवलंत तर ‘कसं वाटलं?’ ऐवजी ‘काय जाणवलं?’ असं विचारा. पहिल्याला सगळे ‘छान’ म्हणतात आणि गाडी तिथेच थांबते. बोलायची सक्ती मात्र नको.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर ओळखीच्या माणसांच्या रविवारच्या गटासाठी त्याची गरज नाही. पैसे घेऊन सत्रं घ्यायची असतील, रुग्णांसोबत किंवा शाळेत काम करायचं असेल, तर मात्र नीट प्रशिक्षण हवंच. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानावर आधारलेला ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला. तोच पुढे आठ आठवड्यांच्या स्वरूपात जगभर गेला. असे कार्यक्रम घेणाऱ्या शिक्षकांची तयारी दोन दिवसांत उरकत नाही. कुठलाही अभ्यासक्रम निवडताना विचारा: मला इतरांसमोर किती वेळा सत्र घ्यायला मिळेल? माझं सत्र ऐकून कोण दुरुस्त्या सांगेल? कुणाला त्रास झाला तर काय करायचं हे शिकवता का? स्वतःचा रोजचा सराव अपेक्षित आहे का? नुसते व्हिडिओ पाहून शेवटी प्रमाणपत्र मिळणार असेल तर त्यापेक्षा दोन शेजाऱ्यांना समोर बसवून सराव केलेला बरा.

नाही म्हणण्याचं एक चांगलं कारण आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सत्र घ्यायला लागलात की रविवारी दुसऱ्याच्या आवाजावर विसंबून निवांत बसणं संपतं. ते तुम्हाला फार मोलाचं असेल तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. मधला रस्ता म्हणजे दोघा-तिघांनी आळीपाळीने घेणं. म्हणजे महिन्यातून दोन-तीन रविवार तुम्हालाही नुसतं बसायला मिळेल आणि गट पुन्हा एकाच माणसावर अवलंबून राहणार नाही. कधी बोलणारं कुणीच नसेल, तर सुरुवातीला घंटा, २० मिनिटं मौन, शेवटी घंटा. तुमच्यासारख्या जुन्या गटाला तेही जमेल.

घ्यायचं ठरवलंत तर हाताशी साधारण आठ रविवार आहेत. एकदम सगळं अंगावर घेऊ नका. पहिले दोन रविवार फक्त सुरुवातीची तीन मिनिटं तुम्ही घ्या, पुढचं काका घेतील. मग दोन रविवार फक्त परत आणणं, कारण तिथे सूचना कमी आणि निरीक्षण जास्त असतं. पाचव्या-सहाव्याला मधला भाग, मोठ्या शांततेसकट. शेवटचे दोन पूर्ण तुमचे. तेव्हा काकांना मागे बसवा, हातात कागद द्या आणि तीनच गोष्टी टिपायला सांगा: कुठे घाई झाली, कुठलं वाक्य कळलं नाही, कुठे गप्प बसायला हवं होतं. आवाज गोड होता का, हे त्यांना विचारू नका.

काका जाण्याआधी त्यांच्या डोक्यात असलेलं एक टिपणही लिहून घ्या: कुणाला कोणत्या कानाने कमी ऐकू येतं, कोणाला पंधरा मिनिटांपुढे बसवत नाही, कोण डोळे मिटत नाही, कुणाच्या घरी नुकतं काय झालंय, आणि खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे असते.